बिहीदाण्याची कुपी

मित्रांनो, बोटभर उंचीची, कडेला टवका उडालेली आणि आतून पिवळट पडलेली अशी मी एक जुनी काचेची कुपी. परळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, गंजक्या चिमट्यांच्या शेजारी माझा मुक्काम आहे. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. शेवटी सगळं छान झालं असंच ऐकायची सवय असेल तर आत्ताच उठा. बसणार असाल तर नीट बसा, मध्येच चुळबुळ नको.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. कुणाला आठवतो? मला कळायला लागलं तेव्हा मी भेंडीबाजारात एका अत्तरवाल्याच्या दुकानात होते आणि माझ्या पोटात हिना होता. माझ्या बुचाला आतून एक बारीक काचेची काडी आहे. बूच उचललं की तिच्या टोकाला एकच थेंब येतो, ना कमी ना जास्त. एवढंच काय ते माझं कौतुक. कुणीतरी मला विकत घेऊन गिरगावातल्या मीनाक्षी वागळे यांना लग्नात भेट दिली. बाई डॉक्टर होत्या, अत्तरबित्तर लावत बसायला त्यांना सवड कुठली! अत्तर उडून गेलं तशी माझी काडी बघून त्या म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आमच्याच कामाची आहे." दुसऱ्या दिवशी मी परळला आले ती आलेच.

बाईंचं काम समजावून सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माणसाच्या आतड्यात शिरून रक्ताची हगवण लावणारा एक जीव असतो, अमीबा. डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो चालताना दिसतो. अंगातूनच एक पाय पुढे काढतो, मग सगळं अंग त्यात ओततो आणि पुढे सरकतो. मारून, रंग देऊन त्याचे फोटो पुष्कळांनी काढले होते. बाईंना जिवंत अमीबाचा फोटो हवा होता. त्यांनी सूक्ष्मदर्शकावर लाकडी पेटीचा कॅमेरा बसवला होता, आणि त्याच्या काचेवर चित्र उमटायला सावकाश चार आकडे मोजेपर्यंत वेळ लागायचा. तेवढ्यात तो द्वाड पुढे सरकायचा आणि काचेवर नुसता डाग उमटायचा.

असे दीड वर्ष बाईंनी डाग जमवले. बर्फावर धरला तर गोळा होऊन बसायचा, पण जरा ऊब लागली की पुन्हा आपला चालू. औषध घातलं तर फुटायचा. कापसाचे तंतू पसरून त्यांच्यात अडकवून पाहिला तर चेपायचा. एक दिवस बाई अगदी रडकुंडीला आल्या आणि म्हणाल्या, "कुशाबा, याला एका जागी बसवायचं तरी कसं रे?"

कुशाबा म्हणजे तिथला शिपाई. काचा धुवायच्या, वॉर्डांतून नमुने आणायचे, बाईंच्या हाताखाली पडेल ते करायचं. नायगावच्या बीडीडी चाळीत तो आई रखमा आणि धाकटा भाऊ आनंदा यांच्याबरोबर राहायचा. घटकाभर डोकं खाजवून तो म्हणाला, "बाई, खोकला झाला की आमची आई बिहीदाणा भिजवून देती. लई चिकट हुतंय बघा ते. त्यात मुंगी पडली तर मरत न्हाई, पण तिला पाय बी उचलता येत न्हाई."

बाई हसल्या नाहीत. "घेऊन ये उद्या," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रखमाबाईंनी केलेला तो पांढुरका चीक माझ्या पोटात भरला गेला. काच क्षणभर बर्फावर धरायची, माझ्या काडीचा एक थेंब सोडायचा, वर पातळ काच ठेवायची आणि कॅमेरा उघडून चार आकडे मोजायचे. तिसऱ्या प्रयत्नाला फोटो असा आला की अमीबाच्या पोटात गेलेले रक्ताचे कणसुद्धा मोजून घ्यावेत. बाईंनी आनंदाने टाळी वाजवली, आणि कुशाबाला चहा त्यांनी स्वतःच्या हाताने करून दिला.

ते माझे सोन्याचे दिवस. तो चीक चार दिवसांत आंबतो, म्हणून दर चार दिवसांनी मी कुशाबाच्या खाकी खिशातून नायगावला जायची. रखमाबाई बिया भिजवायच्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चीक गाळायच्या, मला आतून बाहेरून पुसायच्या. शेजारीण डोकावली की तिला ऐकवायच्या, "इस्पितळाचं काम हाय बाई, हात लावू नगंस." आनंदा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होता. चोवीस वर्षांचा, सडपातळ, तोंडाचा भारी फटकळ. तो म्हणायचा, "आये, आता तुझा बी फोटू लावत्यात बघ इस्पितळात. खाली लिवत्याल, डॉक्टर रखमाबाई, खोकला पेशालिस्ट." म्हातारी त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि तोंड फिरवून हसायची.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. अमीबा चालतो, म्हणून तो ओळखू येतो. एकदा तो गोळा होऊन बसला की तो कोण आणि पूची पेशी कोण, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. बाई आधी स्वतः ताजा, कोमट नमुना बघायच्या, त्यात काही चालतंय याची खात्री करायच्या, आणि मगच काच थांबवायला कुशाबाकडे द्यायच्या. ही गोष्ट त्यांच्या इतकी हाडीमाशी मुरलेली, की कुणाला मुद्दाम सांगावी हे त्यांना कधी सुचलंच नाही. कुशाबाला माहीत होतं ते एवढंच, की थंड करून चीक घातला की नमुना झकास दिसतो आणि बाई खूश होतात.

छप्पन सालचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही, असं दिल्लीहून जाहीर झालं आणि परळ, लालबाग, गिरगाव, सगळीकडे माणसं रस्त्यावर आली. गिरण्या बंद, ट्रामगाड्या बंद, गोळीबार झाला आणि पाठोपाठ संचारबंदी. इस्पितळात जखमी माणसं जमिनीवर निजवली होती. बाई गिरगावात अडकून पडल्या. आणि मी नेमकी तेव्हा नायगावला, रखमाबाईंच्या फळीवर, नुकतीच भरून तयार होते.

आनंदा मोर्चात होता. लालबागला पाठीत लाठी खाऊन घरी आला. त्याचं पोट आधीच दोन दिवस बिघडलेलं होतं, आता रक्त पडायला लागलं. दिवसातून वीस वीस वेळा उठायचा आणि भिंत धरून परत यायचा. कुशाबा म्हणाला, "चल, इस्पितळात चल."

"मी न्हाई येणार. दाराशी पोलीस बसल्यात, येईल त्याचं नाव लिवून घेत्यात."

"आरं, तुझा जीव जाईल."

"जाऊ दे. पर त्यास्नी नाव देणार न्हाई."

कुशाबाने पुष्कळ विनवलं. शेवटी हात टेकून म्हणाला, "बरं बाबा, तू नगं येऊस. तुझा नमुना तरी नेतो. अमीबा निघाला तर सुया मिळत्यात त्यावर, हमखास गुण येतो. मी आणून देतो."

संचारबंदी दोन तास उठणार होती. कुशाबाने बाटलीत नमुना घेतला. बाई मोठ्या फोटोसाठी जशी तयारी करायच्या, तशीच तयारी त्याने भावासाठी केली. बाटली माठाच्या पाण्यात बुडवून गार केली, भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि मला हातात घेऊन माझं बूच उघडलं. एक थेंब, दुसरा, तिसरा. "एक कशाला, तीन घालतो. साहेबाला एकदम स्वच्छ दिसायला पायजे," असं तो आईला म्हणाला. रखमाबाईंनी हात जोडले. खोटं कशाला सांगू, मित्रांनो, त्या वेळी मला काही म्हणता काही वाईट वाटलं नाही. मला अभिमानच वाटला.

रस्त्यात जळके टायर होते, एका नाक्यावर लष्कराची गाडी होती. कुशाबा गल्लीबोळांतून वळसे घेत परळला पोचला तोवर तासाच्या वर होऊन गेलं. मी त्याच्या खिशात आणि बाटली हातात. प्रयोगशाळेत बाईंच्या जागी वॉर्डातले तरुण डॉक्टर नेरूरकर बसले होते. दोन दिवस ते झोपले नव्हते, कोटावर दुसऱ्यांचं रक्त वाळलेलं होतं. या खोलीत ते प्रथमच आले होते; माझं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

त्यांनी काच लावली, डोळा लावला आणि बराच वेळ बघितलं. कामचुकार नव्हता हो तो मुलगा. मग म्हणाले, "पूच्या पेशी आहेत, रक्त आहे. अमीबा नाही."

"नीट बघा साहेब. माझा भाऊ हाय."

"बघितलं रे नीट. एकही हलत नाही."

ते ऐकून कुशाबाचा चेहरा काय खुलला! हलतील कसे? त्यानेच तर बसवले होते. त्याला वाटलं, आपलं काम फत्ते झालं; इतक्या स्वच्छ काचेत साहेबांना अमीबा दिसला नाही म्हणजे तो नाहीच. "हलायचे कसे साहेब, मी..." असं तो बोलायलाही लागला होता. तेवढ्यात दारात स्ट्रेचर आलं. पोटात गोळी लागलेला माणूस होता. डॉक्टर धावले, आणि धावता धावता चिठ्ठीवर सल्फाच्या गोळ्या लिहून गेले. साध्या हगवणीवर त्या गोळ्या चांगल्या. अमीबाला त्यांनी काही होत नाही.

कुशाबा खोलीत एकटा उरला. काच तशीच लावलेली होती. त्याने सहज डोळा लावला, तर इतकी थांबलेली काच त्याने आजवर पाहिली नव्हती. त्याला वाटलं, बाई आल्या की किती खूश होतील! बाईंनी शिकवलं होतं तसं त्याने कॅमेऱ्यात फोटोची कोरी काच सरकवली, झाकण उघडलं, चार आकडे मोजले आणि झाकण बंद केलं. मग गोळ्या घेऊन तो घरी पळाला.

आनंदा दहा दिवस त्या गोळ्या खात होता. रखमाबाई त्याला भाताची पेज भरवायच्या. पहिले दोन दिवस तो थट्टा करायचा, पुढे करेना. अकराव्या दिवशी त्याचं पोट फुगून दगडासारखं कठीण झालं आणि शेजाऱ्यांनी त्याला खाटेवर घालून इस्पितळात आणलं. दाराशी नाव लिहून घेणारं कुणी नव्हतं. पोलीस केव्हाच उठून गेले होते. आतडं फुटलं होतं. त्याच दुपारी आनंदा गेला.

गोळीने मेलेल्यांच्या नावाने त्या दिवसांत नाक्यानाक्यावर फळे लिहिले गेले. आनंदाचं नाव कुठल्या फळ्यावर येणार! हगवणीने माणसं मरतातच की.

महिन्याभराने सगळं स्थिरस्थावर झालं आणि बाईंनी साठलेल्या फोटोंच्या काचा धुवायला घेतल्या. कुशाबाची काच त्यांनी उजेडासमोर धरली. सहा गोळे होते, कोरून काढल्यासारखे. कोपऱ्यात सातवा होता. तिथे चीक नीट पसरला नव्हता आणि दिव्याची ऊब लागली होती. तो सातवा एका बाजूला ओढल्यासारखा पुसट झाला होता. दीड वर्ष ज्या डागाला बाईंनी शिव्या घातल्या, तोच डाग त्या बघत राहिल्या. पूची पेशी चार आकड्यांत एवढी सरकत नाही. मग त्यांनी त्या सहा गोळ्यांकडे नीट पाहिलं. पोटात रक्ताचे कण.

"कुशाबा, हा नमुना कुणाचा?"

"आनंदाचा बाई. मीच काढला फोटो. चांगला आलाय न्हवं?"

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो उभ्या उभ्या ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, "सुया दिल्या असत्या तर वाचला असता?"

"वाचला असता," बाई म्हणाल्या.

त्यानंतर कुशाबा पुष्कळ वेळ हात धूत राहिला. काय करायला गेला बिचारा आणि काय होऊन बसलं! बाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. "तुझी नोकरी जाईल," असं त्या त्याला म्हणाल्या. मला विचाराल तर त्यात थोडी स्वतःचीही भीती होती. कुशाबाही गप्प राहिला. आणि दर चार दिवसांनी मी पूर्वीसारखीच नायगावला जात राहिले. रखमाबाई चीक गाळायच्या, मला पुसायच्या आणि म्हणायच्या, "माझं लेकरू तर गेलं, दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला उपयोगी पडू दे." कुशाबा तिकडे पाठ करून बसायचा. मित्रांनो, त्या दिवसांत मला फुटून जावंसं वाटायचं. पण काचेला मनानं फुटता येत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब गेले. दादरला माणसांचा समुद्र लोटला, आणि चाळच्या चाळ बुद्धाला शरण गेली. पांढरे कपडे घालून कुशाबा आणि रखमाबाई दीक्षा घेऊन आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी चाळीतल्या चौकात पंचशील म्हणायचे. नायगावला मुक्काम असला की मी खिडकीतल्या फळीवरून ऐकायची. चार नंबरचं शील आहे, खोटं बोलणार नाही. तिथे आलं की सगळ्यांच्या आवाजातून कुशाबाचा आवाज गळायचा. पाचव्याला पुन्हा यायचा. माझ्या चार खेपांना असं झालं. पाचव्या खेपेला रखमाबाईंनी घरात आल्या आल्या विचारलं, "तू मधीच गप का होतोस रं?"

त्या वेळी त्यांच्या हातात फडकं होतं आणि मी खाली भरायला ठेवलेली होते. कुशाबा आईच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. माठाचं पाणी, ओलं फडकं, तीन थेंब. "आये, माझ्या हातानं गेला गं आनंदा."

म्हातारीच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिने ते उचलून घडी घातली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मी का सुया देते? जिथं चुकलं तिथं जाऊन सांग. उद्या आणिक कुणी तसंच करंल आणि आणिक कुणाचं लेकरू जाईल. जा. नोकरी गेली तर जाऊ दे."

कुशाबाने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. सकाळी मोठे साहेब फेरीला आले होते, नेरूरकर होते, बाई होत्या, दहाबारा विद्यार्थी होते. कुशाबाने मला टेबलावर ठेवलं आणि घडलं तसं सांगितलं. नेरूरकरांनी मला उचलून माझं बूच उघडून पाहिलं. बाई उठून म्हणाल्या, "चूक माझी आहे. याला मीच शिकवलं, आणि अर्धंच शिकवलं." पण मोठ्या साहेबांनी ऐकलं ते एवढंच, की शिपायाने परवानगीशिवाय नमुन्यात हात घातला. आठ दिवसांत हुकूम आला. कुशाबाची बदली तळघरातल्या मुडदेघरात. त्या कामावर कुणाला पाठवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जाताना त्याने मला धुतलं, कोरडं केलं आणि खालच्या फळीवर ठेवलं. मग बाईंनी भिंतीवर पुठ्ठा लावला: "आधी चालताना पाहा. नंतर थांबवा." वर्षभराने बाईही दुसरीकडे निघून गेल्या, आणि माझ्यात पुन्हा कुणी चीक भरला नाही. मी पडले ती पडलेच. माझ्या दुर्दशेची तक्रार मी करणार नाही. मला ती शोभायची नाही.

पण इथून मला टेबल दिसतं, आणि म्हणूनच तुम्हाला बोलावलं. बाई गेल्यावर नेरूरकर या खोलीत कायमचे आले. प्रत्येक काच हातात घेतली की ते आजही आधी विचारतात, "यात काही घातलेलं नाही ना? गार तर केलं नाही?" नमुना कोमट नसेल तर दुसरा मागवतात. एकदा कॉटन ग्रीनच्या गंगुबाई म्हणून एकीचा नमुना आला होता. तिसऱ्या काचेवर ते एकदम ओरडले, "चालतोय!" आणि सुई आणायला स्वतः धावत गेले. पंधरा दिवसांनी ती बाई पोराला कडेवर घेऊन याच दारावरून चालत गेली. त्या दिवसापासून मी मोजत आले. परवा एक मे झाला, महाराष्ट्र झाला, रस्त्यावर रोषणाई होती, पेढे वाटले, आणि त्या दिवसापर्यंत असे अकरा जण झाले. अकराही जणांना वॉर्डातून चालत घरी जाताना मी पाहिलंय.

कुशाबाला यातलं काही माहीत नाही. त्याच्या दारात जे येतात ते न वाचलेले. जे वाचले ते समोरच्या दाराने घरी जातात. मागे मुडदेघराकडे जाऊन कोण सांगणार, आणि का? नेरूरकरांचं अजून तिकडे जायचं धाडस होत नाही. माझा आवाज या फळीपलीकडे पोचत नाही.

मित्रांनो, मला उचला, पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. तुम्हाला पाय आहेत, तोंड आहे. इस्पितळाच्या मागच्या बाजूने जा, जिना उतरा, डावीकडे हिरवं दार आहे. अवेळी केस पांढरे झालेला एक माणूस फरशी धूत असेल. त्याला एवढंच सांगा: "कुशाबा, अकरा जण चालत घरी गेले."